गुरुवारची वाफ

सौनाच्या दारावर तूलियाने तिसऱ्यांदा थाप मारली, आणि उत्तर म्हणून आतून तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा भला मोठा चर्रर्र आवाज आला. तिचा उरलासुरला धीर तिथेच संपला.

"आत जो कोणी आहे त्याने बाहेर यावं," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "आणि हातातला पाण्याचा डाव आतच ठेवावा."

मग लाकडी फळ्यांवर अनवाणी पावलं वाजली, दार उघडलं, आधी वाफेचा लोट बाहेर आला आणि त्याच्या मागून एक माणूस. तिशी नुकतीच ओलांडलेला, बिटासारखा लालबुंद, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. केसांतून पाणी निथळत होतं. समोर एक बाई कानामागे पेन्सिल खोचून वाट अडवून उभी आहे, हे पाहूनही तो मुळीच गडबडला नाही.

"आग लागलीय का कुठे?" त्याने विचारलं.

"लागली असती तर बरं झालं असतं, निदान कोरडं तरी राहिलं असतं. किती डाव पाणी ओतलंत तुम्ही आत?"

"मोजले नाहीत." त्याने जरा विचार केला. "मोजायचे असतात का?"

"तुमच्या त्या पाण्यामुळे माझा—"

"टॉवेलातल्या माणसाला कुणी अहो-जाहो करत नाही," तो म्हणाला. "ओत्सो. चौथा मजला. तू म्हण."

तिने त्याच्या दंडाला धरलं... मग दंड ओला आणि उघडा आहे हे लक्षात येऊन सोडला, आणि नुसतं बोटाने शेजारचं दार दाखवलं.

टाम्पेरे गावातल्या टामेला भागातलं ते जुनं विटांचं घर. तळघरात एका अंगाला घराची सामाईक सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि दुसऱ्या अंगाला पूर्वीची धुण्याची खोली. ही खोली तूलियाने जानेवारीत चित्रं काढायला भाड्याने घेतली, तेव्हा तिला वाटलं होतं की आपलं नशीब उघडलं. उंच खिडकीतून उत्तरेचा उजेड, पांढऱ्या भिंती, भाडं नावापुरतं. इतकी चांगली खोली चार वर्षं रिकामी का होती, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही. सौना गुरुवार ते शनिवार तापायची. यादीत नंबर लागलेल्या घराला आठवड्यातून एक तास नेमून दिलेला, बाकीची घरं वाट बघत. आणि गुरुवारी सात ते आठ या वेळेत कोण उतरतं ते तिला आत्ता कळत होतं.

ओत्सो टॉवेल सावरत दारात उभा राहिला. समोरच्या फळीवर दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद असा जाड सुती कागद चारही कडांनी चिकटपट्टीने ताणून बसवलेला होता, आणि निखाऱ्यावर टाकलेल्या पापडासारखा तो ठिकठिकाणी फुगला होता. त्यावर पेन्सिलीने काढलेलं तळं होतं, अगदी बारीक, केसाएवढ्या रेघांचं. तीन आठवड्यांचं काम.

तो टॉवेल धरून दोन पावलं पुढे आला.

"नासियार्वी तळं आहे ना?"

"हो. गोठलेलं."

"गोठलेलं." त्याने मान तिरकी केली. "मग लाटा कशाला काढल्यास?"

तूलियाने त्याच्याकडे डोळे फाडून पाहिलं. रागाने काहीतरी जहरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून हसू बाहेर पडलं. हसू आल्याचा तिला जास्त राग आला. पण एव्हाना उशीर झाला होता.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. गावातल्या नव्या प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षालयासाठी हे चित्र तिला एप्रिल संपायच्या आत द्यायचं होतं. फुगून वाया गेलेला हा दुसरा कागद. गुंडाळीत आता एकाच चित्रापुरता कागद उरला होता, आणि तसला नवा मिळायला दोन महिने लागले असते. तिने हे सगळं त्याला एका दमात सांगितलं. सांगताना ती खोलीभर फिरली, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तूलियाच्या पायाला भिंगरी होती. सात वर्षांत सहा गावं, प्रत्येक गावात एक खोली, आणि प्रत्येक खोलीत न उघडलेली खोकी. कुठल्याही भिंती वर्षभर बघितल्या की तिला गुदमरायला व्हायचं. मे महिन्यापासून दूर परदेशी बर्गेनला एक जागा तिने आधीच ठरवून ठेवली होती, तसं पत्रही धाडलं होतं. ते मात्र तिने त्याला सांगितलं नाही. टॉवेलातल्या परक्या माणसाला कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आला, या वेळी पूर्ण कपड्यांत. ट्रामचालकाचा गडद गणवेश, हातात टोपी. कपड्यांत तो टॉवेलापेक्षा जास्त लाजरा वाटत होता. त्याने खिशातून एक पितळी तबकडी काढली. त्याच्या मामाच्या तळ्याकाठच्या सौनातलं, हवेतला दमटपणा दाखवणारं यंत्र. मामा गेल्यावर घर, गुरुवारचा तास आणि ही तबकडी असं सगळं त्याच्याकडे आलं होतं.

"आधी बघू तरी, वाफ किती आणि कधी," तो म्हणाला. "आणि यापुढे मी तीनच डाव ओतणार."

ज्याने जन्मात पाणी मोजून ओतलं नाही, त्याने असं म्हणणं म्हणजे पुरणपोळीवर तूप थेंबाथेंबाने मागण्यासारखं होतं. तूलिया त्याच मातीतली, तिला त्याचं मोल तेव्हाच कळायला हवं होतं. पण ती काट्याकडे बघत होती.

मग तो रोज येऊ लागला. कामावरून परतताना तळघरात डोकवायचा आणि एकच शब्द विचारायचा, "किती?" ती सांगायची, "चोवीस." तो "हं" म्हणायचा आणि जायचा. आठवड्याभरात त्या "हं"च्या जोडीला कॉफी आली, मग वेलदोड्याचा गोड पाव आला, आणि मग जायला वेळ लागू लागला. काटा सकाळी घर तापवणाऱ्या गरम नळ्यांच्या कोरड्या हवेने विशीत असायचा, गुरुवारी रात्री साठीच्या वर उडी घ्यायचा. तूलियाचंही तसंच होतं. साडेपाचपर्यंत ती रेघांत असायची. साडेपाचनंतर जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला तिची पेन्सिल थबकायची... हा नव्हे. हाही नव्हे.

"तू रोज त्या काट्यासाठी येतोस?" एकदा तिने पाठमोरी राहून विचारलं.

"मामाचा काटा आहे. त्याची ख्यालीखुशाली विचारायला नको?"

"आणि काट्याशेजारी जी उभी असते तिची?"

"ती उभी असते कुठे?" ओत्सो म्हणाला. "मी आल्यापासून तू चार जागा बदलल्यास. विचारायचं तर कुठल्या जागेला विचारू?"

ती वळली. तो पावाच्या तुकड्याकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि सौना तर त्या दिवशी तापलीही नव्हती.

एका रविवारी ती त्याच्या ट्राममध्ये बसली. कुठे जायचं नव्हतं, नुसतीच. शेवटच्या थांब्यावर त्याला दहा मिनिटं मोकळी असायची. तिथे बाकावर बसून दोघांनी कागदातलं काळं सॉसेज आंबट बेरीच्या मुरंब्याशी खाल्लं. बर्फ वितळून पुन्हा गोठलं होतं आणि बुटांखाली काचेसारखं करकरत होतं. तो म्हणाला की मी दिवसातून अकरा वेळा इथे येतो. तिने विचारलं, कंटाळा येत नाही? तो म्हणाला, सकाळी ही झाडं पांढरी असतात, दुपारी राखाडी, आणि तू बसली असलीस की बघायला वेळच होत नाही. हे सगळं त्याने वेळापत्रक वाचावं तसं एका सुरात म्हटलं. मग तिच्या गालावरचा पेन्सिलीचा काळा डाग त्याला दिसला. त्याने रुमाल दिला. तिने चुकीचा गाल पुसला. त्याने बोटाने दाखवलं, तिने पुन्हा चुकीची जागा पुसली, आणि शेवटी त्यानेच अंगठ्याने तो डाग पुसला. सावकाश. गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश.

बर्गेनचं तेव्हा सांगायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण दहा मिनिटं संपली.

मार्चच्या मध्यावर तिने शेवटचा कागद फळीवर चढवला. या वेळी तिने एकाच्या जागी दोन पट्ट्या लावल्या, चारही कडांना, मधे बोटभर जागा न सोडता. जो सटकू बघतो त्याला घट्ट धरावं, असा तिचा साधा हिशेब होता. तळं पुन्हा उमटू लागलं. गुरुवारी साडेसातला ती काम थांबवून भिंतीला तळहात टेकवून उभी राही. पलीकडून तो मोठ्याने मोजायचा, तिला ऐकू जावं म्हणून.

"एक."

चर्रर्र.

"दोन."

भिंत तिच्या तळव्याखाली ऊबदार होत जायची.

"तीन. संपलं, तूलिया."

इतक्या कोरड्या शब्दांनी कुणी इतकं हरखून जावं, हे तिला स्वतःलाच पटत नव्हतं. ती हसून हात काढून घ्यायची आणि मग अर्धा तास तिला एक रेघ सरळ यायची नाही. त्या आठवड्यांत कागदावर जे बारीक उंचवटे दिसत होते, तो उजेडाचा खेळ आहे अशी ती स्वतःची समजूत घालत होती.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी गेलेली थंडी उलटून आली. बाहेर उणे आठ, आत नळ्या धगधगत होत्या, आणि तूलियाला त्या दिवशी चैन म्हणून नव्हतं, कारण बर्गेनहून उत्तर आलं होतं. जागा तयार आहे, किल्ली पहिल्या तारखेला. ती दिवसभर खिडकी उघडत होती आणि लावत होती. संध्याकाळी पलीकडून "तीन" ऐकू आलं आणि थोड्या वेळाने फट् असा आवाज झाला. कागदाचा वरचा डावा कोपरा फाटला होता, आणि तळ्याच्या मधोमध हातभर लांब पोक आलं होतं.

ओत्सो ओल्या केसांनी धावत आला. त्याने काही विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. तीन म्हणालास ना? तीनच होते, तो म्हणाला. मग हे काय आहे, ती म्हणाली, तुझ्या वाफेने तीन महिने खाल्ले माझे, मला या घरात पाऊलच टाकायला नको होतं. त्याने ओरडून उत्तर दिलं असतं तर ती कदाचित थांबली असती.

"नाहीतरी मी मे महिन्यात बर्गेनला चाललेय," ती म्हणाली. "ही भिंत तुझी तुला लखलाभ."

"बर्गेन," तो म्हणाला.

"फेब्रुवारीतच ठरलंय."

"फेब्रुवारी... म्हणजे मी तबकडी आणायच्या आधी."

"हो."

त्याने मान हलवली. जणू एखादा थांबा येऊन गेला आणि कुणी उतरलं नाही. "बरं," इतकंच म्हणून तो जिना चढून गेला.

तो शुक्रवारी आला नाही. शनिवारीही नाही. तूलियाने कॉफी दोघांची केली आणि दोघांची प्यायली. कागदाचा फाटलेला कोपरा चित्राच्या बाहेर होता, तळं अजून वाचवता आलं असतं, पण कसं ते तिला सुचत नव्हतं. ती नुसती त्या पोकाकडे बघायची, उठायची, खिडकी उघडायची. काट्यावर एकतीस, सव्वीस, चाळीस. सांगायला कुणी नाही. माणूस गेल्यावर त्याची सवय मागे राहते, आणि ती सवय माणसापेक्षा जास्त छळते.

गुरुवार आला. ठीक सातला पलीकडे दार वाजलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. येऊ दे, ओतू दे, मोजू दे. ती भिंतीपाशी गेली. पण आज कुणी मोजलं नाही. एक चर्रर्र झाला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. भिंत पोळायला लागली. हा सूड आहे, असं तूलियाला वाटलं, आणि ती तरातरा जाऊन सौनाच्या दारावर धडकली.

दार उघडलं. वाफेच्या लोटामागून हिल्काबाई बाहेर आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकतीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेल्या. सौनाच्या वेळा लिहायची निळी वही त्यांच्याच ताब्यात असे.

"ओत्सो कुठे आहे?" तूलियाने विचारलं.

"ओत्सोने गुरुवार सोडला. आता हा तास माझा." हिल्काबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "लिहून दिलं त्याने. कारण विचारलं तर म्हणाला, तळघरातल्या कागदाला वाफ बाधते. तरी सांगत होते मी, बाळा, सोडलेला तास मोकळा राहत नसतो, यादीतल्या पुढच्याला जातो. आणि पुढची मी आहे. पण तोवर हा सही करून बसला होता."

"पण... तो परत घेईल ना?"

"परत कसा? आता त्याचं नाव यादीच्या तळाशी. मी सहा वर्षं थांबले या तासासाठी, पोरी. आणि एक सांगून ठेवते, मला पाच डावांशिवाय घाम येत नाही."

तूलिया तिथल्या बाकावर बसली. आपण ज्याला भिंत लखलाभ म्हणालो, त्याने त्या भिंतीपलीकडची स्वतःची जागाच आपल्यासाठी सोडली. आणि काही न बोलता, आणि इतक्या वेंधळेपणाने, की त्याचा कवडीचा उपयोग झाला नाही. तिला लाज वाटली, हसू आलं, आणि या दोन्हीच्या खालून जे वर आलं त्याला तिने आजवर फिरत्या पायांनी चुकवलं होतं. तिचं त्या माणसावर प्रेम होतं.

हिल्काबाई टॉवेलचा अंगरखा गुंडाळून तिच्या खोलीत आल्या आणि फळीपुढे उभ्या राहिल्या.

"हे असं कुणी बांधून घातलंय?"

"मीच. हलू नये म्हणून."

"चारही बाजूंनी? अगं, सुताचाच कागद ना हा? सूत दमट झालं की वाढतं, कोरडं झालं की आखडतं. जन्म गेला माझा ते बघण्यात. चहूबाजूंनी धरल्यावर वाढलेलं जाणार कुठे? पोटात फुगणार. आणि आखडलं की फाटणार." त्यांची नजर वर गेली. "ती खिडकी उघडी का आहे?"

"मला गुदमरतं."

"दिवसातून किती वेळा?"

तूलियाने जाऊन खिडकी लावली.

"बाहेर उणे आठ, तिथली सुकी हवा तू आत घेणार, मग नळीवर भाजणार, मग आमच्या वाफेला नावं ठेवणार," हिल्काबाई म्हणाल्या. "बिचाऱ्याला एक हवा कधी मिळालीच नाही. वरून धर त्याला, खाली सोड. आणि जरा एका जागी बस."

त्या गेल्यावर तूलियाने सुरी घेतली आणि पट्ट्या कापल्या. कागद सुटला तेव्हा त्याने असा काही आवाज केला, जणू कुणी घट्ट बूट काढले. तिने तो टीपकागदांमध्ये घालून, वर फळी आणि फळीवर विटा ठेवून तीन दिवस पडू दिला, खोलीच्या हवेची सवय होईपर्यंत. चित्राची फळी भिंतीपासून सुटी केली, मागे दोन बोटं जाडीच्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे मधून हवा फिरेल. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवली आणि पातळ कागदाच्या लहान लहान पट्ट्यांनी चित्र फक्त वरच्या कडेला टांगलं. बाकी तीन बाजू मोकळ्या. नळीवर पाण्याची परात ठेवली. आणि खिडकी फक्त सकाळी, दहा मिनिटं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी ती अक्षरशः हातांवर बसून राहिली.

काटा चाळिशीच्या वर आला आणि तिथेच घुटमळला. पुढच्या गुरुवारी पलीकडे पाच चर्रर्र झाले. तूलिया कागदाच्या खालच्या कडेकडे बघत होती. कड केसभर खाली आली. बस्स. तळं सपाट होतं, मार्चमधल्या नासियार्वीसारखं. सकाळी कड पुन्हा केसभर वर गेली होती.

ही गोष्ट तिला जगात एकाच माणसाला सांगायची होती.

ती ट्रामच्या थांब्यावर गेली आणि दोन ट्राम सोडल्या, कारण त्या त्याच्या नव्हत्या. तिसऱ्या ट्राममध्ये तो होता. चालत्या ट्राममध्ये चालकाशी बोलता येत नाही, म्हणून ती त्याच्या पाठीमागच्या आसनावर शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिली. बाकीचे उतरले. तो चालकाच्या कप्प्यातून बाहेर आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"आज जागा बदलली नाहीस," तो म्हणाला. "आरशात दिसत होतं."

"कागद सपाट झाला."

"हिल्काबाईंच्या वाफेत?"

"पाच डाव ओतले त्यांनी."

त्याने हिशेब केला. "म्हणजे माझं सोडणं फुकट गेलं."

"अगदी फुकट."

दोघंही हसले. बाहेर छपरावरून वितळतं बर्फ टपटपत होतं. तूलियाने विचारलं, का सोडलास? तो टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"जाणाऱ्या माणसाचं काम तरी पुरं व्हावं म्हणून," तो म्हणाला. "हे हिल्काबाईंना सांगितलं. दुसरं कारण कुणालाच सांगितलं नाही."

"दुसरं काय?"

"मे महिन्यातल्या गुरुवारी मी आत बसणार, मोजणार... एक, दोन, तीन... आणि भिंतीपलीकडे कुणी नसणार. ते मला जमलं नसतं, तूलिया. तुझ्यावर माझा जीव जडलाय. तू जा, त्याला ना नाही. पण तिथे बसणं मला जमलं नसतं."

तिला खूप बोलायचं होतं. पण दहा मिनिटं संपली, दारं लागली, आणि ट्राम ठरल्या वेळी सुटली. ट्रामला यातलं काही कळत नाही. परतीच्या वाटेवर ती त्याच्या पाठीकडे बघत बसली आणि तिला जाणवलं, की एकाच रस्त्याने दुसऱ्यांदा जाताना आज गुदमरलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी चित्र प्रसूतिगृहात लागलं, वरच्या कडेनेच टांगलेलं, काचेपासून बोटभर दूर. ते लावून तूलिया थेट तिसऱ्या मजल्यावर गेली. ओत्सोचा गुरुवार परत द्या, असं तिने हिल्काबाईंना विनवून पाहिलं. त्यांनी साफ नकार दिला आणि वर लिंबाचं फसफसणारं सरबत पाजलं. मग माझं तरी नाव यादीत लिहा, ती म्हणाली. तेही जमेना. तळघरातल्या भाडेकरूला सौनाचा तास नसतो. यादी घरांची, एका घराला एक ओळ. तूलिया ग्लास हातात घेऊन बराच वेळ त्या निळ्या वहीकडे बघत राहिली. मग तिने ग्लास खाली ठेवला आणि लिहायला काहीतरी मागितलं.

दुसऱ्या दिवशी एक मे, वसंताचा सण. टामेलाच्या चौकात सकाळपासून पांढऱ्या टोप्या, फुगे आणि तळलेल्या गोड वड्यांचा वास. ओत्सोला सुट्टी होती. जिन्यात हिल्काबाईंनी त्याला सांगितलं, की खाली नवी यादी लावलीय, तुझं नाव नीट लिहिलंय का ते बघून ये, नंतर तक्रार चालणार नाही. तो बेसावधपणे खाली आला. सौनाच्या दारापाशी तूलिया उभी होती.

यादी मोठी होती. त्याने वरून वाचायला सुरुवात केली आणि तळाशी येऊन थांबला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: चौथा मजला, घर चौदा. ओत्सो आणि तूलिया.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"हे शाईने लिहिलंय," तो म्हणाला.

"हिल्काबाई पेन्सिल घेऊ देत नाहीत."

"आणि बर्गेन?"

"काल कळवलं. येत नाही म्हणून."

"तूलिया, तळातून वर यायला सहा वर्षं लागतात." त्याने त्या ओळीवर बोट टेकवलं. "सहा. तू एका खोलीत एक वर्ष..."

"माहीत आहे मला. मी मोजूनच नाव लिहिलंय."

"मला विचारलं नाहीस."

"तू तरी गुरुवार सोडताना मला कुठे विचारलंस?" ती म्हणाली, आणि मग तिचं उसनं धैर्य संपलं. "आत्ता विचारते. नावापुढे घर ज्याचं त्याची सही लागते, म्हणजे तुझी. नको असेल तर... तर तसं सांग. मी ती ओळ खोडून—"

तिने कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. ओत्सोने पेन्सिलीकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"पेन्सिल नको," तो म्हणाला. "इथेच थांब."

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला. वर दार वाजलं, काहीतरी बोलणं झालं, आणि मग जिन्यातून हिल्काबाईंचा आवाज खाली उतरला, "सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं, मी काही लवकर मरणार नाही." ओत्सो परतला तेव्हा त्याला धाप लागली होती. हातात शाईचं पेन होतं. त्याने यादी दारावरच दाबून धरली, ओठ आवळून सही केली, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिला. तूलियाही त्याच्या खांद्याला खांदा लावून फुंकर घालू लागली. दोघांचे गाल अगदी जवळ आले होते.

"आता?" त्याने विचारलं.

"आता थांबायचं," तूलिया म्हणाली.